चार आण्यांचा साग

एक सोपं गणित घालते. समजा, आज तुम्ही सागाचं एक रोप लावलंत. ६० वर्षांनी तो साग १ लाख रुपयांना विकला जाणार याची पूर्ण खात्री आहे. चोरी नाही, वणवा नाही, भाव पडायची भीती नाही. तर त्या सागाची आजची किंमत किती?

उत्तर सागावर अवलंबून नाही, तुमच्यावर आहे. तुम्हाला पैसे वर्षाला ४ टक्क्यांनी मिळत असतील तर उत्तर येतं ९,५०६ रुपये. ८ टक्के धरले तर ९८८ रुपये. १२ टक्क्यांना १११ रुपये. आणि तुम्ही गावच्या सावकाराकडून शेकडा दोननं, म्हणजे दरमहा शंभराला दोन रुपये व्याजानं पैसे घेत असाल, तर वर्षाचे २४ टक्के झाले. त्या दरानं लाखाच्या सागाची आजची किंमत येते २५ पैसे. चार आणे!

आमच्या घरातली निम्मी माणसं बँकेत आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. 'आज नगद, उद्या उधार' ही दुकानातली पाटी हेच सांगते: उद्याचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. किती कमी, ते व्याजाचा दर ठरवतो. घरासाठी कर्ज काढताना, मुलांच्या शिक्षणाचे पैसे बाजूला ठेवताना आपण हा हिशेब रोज करतो. पण हाच हिशेब जंगलाला लावला तर काय होतं? आणि तो कुणी, कधी, कसा लावला? यावर मी गेले काही महिने वाचत होते. मे महिना संपत आला की 'काजवे बघायला भंडारदऱ्याला कधी निघायचं' असे फोन सुरू होतात. म्हणून म्हटलं, यंदा गाडीत बसण्याआधी त्या डोंगरांचा थोडा जमाखर्चही वाचून घ्या.

सुरुवात जरा लांबून करते. १७१३ साली जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाच्या खाणखात्याच्या अधिकाऱ्यानं जंगलावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागायचं, आणि जवळची जंगलं संपत आली होती. त्याचं म्हणणं असं की जेवढं उगवतं तेवढंच तोडा, नाहीतर लाकडाबरोबर खाणीही बंद पडतील. आज ज्याला आपण 'शाश्वत विकास' म्हणतो त्याचं मूळ लोक या ग्रंथात शोधतात.

गंमत अशी की जवळजवळ त्याच वेळी, १७१६ च्या सुमाराला, आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तयार झालं. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. तिकडे खाणी, इकडे गलबतं. लाकूड दोघांनाही हवं. आज्ञापत्राचा आशय असा: सागासारखी झाडं लागतील तेवढी रीतसर परवानगीनं तोडावीत, आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या उपयोगाचं आहे, पण त्याला हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मग ते तोडावं.

शाळेत हा उतारा आपण पर्यावरणप्रेमाचा नमुना म्हणून शिकलो. तो आहेच. पण मला त्यात एक फार नेमका आर्थिक विचारही दिसतो. सागाचं उत्पन्न एकदाच, तोडल्यावर. आंब्याचं उत्पन्न दरवर्षी, उभं असताना. म्हणून दोघांना नियम वेगळे. आणि आंबा कधी तोडायचा? त्याचं वार्षिक उत्पन्न आटलं की. तेसुद्धा मालकाच्या संमतीनं आणि मोबदला देऊन. झाड कुणाचं, उत्पन्न कधीचं, आणि भरपाई कुणाला, हे तीनही प्रश्न त्या चार-सहा वाक्यांत येऊन गेले आहेत. पुढच्या तीनशे वर्षांत आपण याहून फार पुढे गेलो का, हे लेख संपेपर्यंत तुम्हीच ठरवा.

आता भंडारदऱ्याकडे येऊ. अकोले तालुक्याचा हा पश्चिम कोपरा म्हणजे सह्याद्रीचा माथा. एका बाजूला कळसूबाई, दुसरीकडे रतनगड, अलंग-मदन-कुलंग, मधून वाहणारी प्रवरा. घाटघर-रतनवाडीला एवढा पाऊस पडतो की वर्तमानपत्रं त्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण बिरुद जुनंच आहे). वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. भात, नागली, वरई ही पिकं, आणि उरलेलं पोट जंगलावर.

१८१८ ला पेशवाई गेली आणि कंपनी सरकारचा रोख रकमेतला शेतसारा आला. डोंगरातल्या माणसाकडे धान्य असेल, गुरं असतील, मध-हिरडा असेल. ठरलेल्या तारखेला रोख रुपये कुठून आणणार? सावकाराकडून. या भागात सावकारांबद्दलचा राग किती खोल होता हे बघायचं तर राघोजी भांगरे यांचा इतिहास वाचावा. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी. १८४४ च्या सुमाराला त्यांनी सरकार आणि सावकार या दोघांविरुद्ध बंड उभारलं. ते या डोंगररांगांतून नाशिक-पुण्याकडे पसरलं. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी दिलं गेलं. पुढे १८७५ मध्ये सुप्याला आणि पुणे-नगर भागातल्या अनेक गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सरकारला १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता.

मी हे का सांगते आहे? कारण त्या काळातले साहेबलोक डोंगरातल्या माणसांना उठता-बसता 'बेफिकीर', 'उद्याचा विचार न करणारी' म्हणत. मला वाटतं, हा स्वभावाचा दोष नव्हता, ते व्याजाचं गणित होतं. ज्याच्या डोक्यावर शेकडा दोन आहे, त्याला साठ वर्षांनंतरचा लाख रुपये आज चार आण्यांना पडतो. त्यानं साग राखला नाही तर तो मूर्ख ठरत नाही. उलट राखला तर मूर्ख ठरेल.

राघोजींना फाशी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, जर्मनीत मार्टिन फाउस्टमन नावाच्या वनाधिकाऱ्यानं एक लेख लिहिला. प्रश्न होता कर लावण्यासाठी जंगलाच्या जमिनीची किंमत कशी ठरवायची. त्यातून एक सूत्र निघालं, ते आजही जगभरच्या वनमहाविद्यालयांत शिकवतात. सूत्र बाजूला ठेवू, मतलब सांगते. समजा उभ्या झाडाची किंमत आज १०,००० रुपये आहे आणि पुढच्या वर्षी ते वाढून १०,३०० चं होईल. तेच तोडून पैसे बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षानं १०,७०० होतील. मग झाड उभं ठेवण्यात तोटा आहे, तोडा. शिवाय झाड उभं आहे तोवर जागा अडून राहते, तिथे पुढचं रोप लावता येत नाही. ते अडलेलं भाडंही झाडाच्या नावे खर्ची टाका. म्हणजे तोडायची वेळ आणखी अलीकडे येते.

नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९७६ मध्ये तपासून सांगितलं की फाउस्टमनचं गणित बरोबर होतं. गणित बरोबर असतंच हो! पण ते कुठवर नेतं ते पहा. १९७३ मध्ये कॉलिन क्लार्क या गणितज्ञानं हाच हिशेब देवमाशांना लावून दाखवला. देवमासे फार हळू वाढतात. व्याजदर त्यांच्या वाढीहून बराच जास्त असेल, तर सगळे मारून पैसे बँकेत टाकणं हाच मालकाला 'फायद्याचा' मार्ग ठरू शकतो. म्हणजे दुष्टपणाची गरजच नाही, चोख हिशेब पुरे.

हे जर्मन शास्त्र आपल्याकडे आलं ते जर्मन माणसाबरोबरच. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याआधी १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले होते. तो काळ रेल्वेचा. १८६५ मध्ये थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला पोचली, भंडारदऱ्याच्या डोंगरांपासून एका दिवसाच्या वाटेवर. रुळांखाली टाकायला लाकूड, इंजिनांना जळण. जंगलाला एकदम गिऱ्हाईक मिळालं आणि सरकारला जंगलाची 'मालमत्ता' दिसायला लागली. १८६५ ला पहिला वनकायदा, १८७८ ला दुसरा, जास्त कडक. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. झाडं मोजायची, घेर मोजायचा, वाढ मोजायची, दरवर्षी किती तोडायची ते ठरवायचं. ब्रँडिस यांचा हा शिस्तीचा हिशेब नसता तर ठेकेदारांनी उरलीसुरली जंगलंही फस्त केली असती, हे कबूल करायला हवं. पण वहीत रकाने किती होते? एकच. इमारती लाकूड.

भंडारदऱ्याच्या माथ्यावर तर सागाचं राज्यच नाही. तिथे हिरडा, जांभूळ, ऐन, उंबर, करवंदीच्या जाळ्या. त्या माणसांना जंगलातून काय मिळत होतं? राबासाठी डहाळ्या (भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून भाजतात तो राब), गुरांना चारा, सरपण, कंद, मध, हिरडा. वनखात्याच्या वहीत ऐनाची तोडलेली फांदी म्हणजे लाकडाच्या वाढीतलं नुकसान. शेतकऱ्याच्या हिशेबात तीच फांदी म्हणजे पुढच्या वर्षीचा भात. एकच फांदी, एकीकडे खर्च, दुसरीकडे जमा.

महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं आहे. पूर्वी तुटपुंज्या जमिनीवर ज्यांचं भागत नसे, ते डोंगरातली फळं, पानं, फुलं आणि चार शेरडं-गाई यांच्या आधारानं तग धरत. सरकारी जंगलखात्यानं तो आधारच काढून घेतला, असं त्यांचं म्हणणं. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, घाटाखालच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी एवढ्या वाढल्या की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्यात राबाचा वाद मोठा होता. घाटावरचं अकोलेही याच राबाच्या शेतीतलं.

आता हिरड्याकडे वळते, कारण या सगळ्या गोष्टीचा नायक माझ्या मते तोच. आपल्याला हिरडा माहीत तो त्रिफळा चूर्णातला. पण एकोणिसाव्या शतकात हिरड्याला जगभर मागणी होती ती कातडी कमावण्यासाठी. त्यात टॅनिन भरपूर असतं. मुंबई बंदरातून हिरडा विलायतेला जात असे. मग १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट निघालं, आणि वनस्पतिजन्य टॅनिनची गरज हळूहळू घटत गेली. दुसरीकडे परदेशातल्या झाडांचे तयार अर्कही बाजारात आले. न्यूयॉर्कमधल्या एका रसायनाचा धक्का असा सह्याद्रीतल्या झाडांपर्यंत पोचतो. औषधांमुळे मात्र हिरडा टिकून राहिला. विशेषतः उन्हाळ्यात गोळा होणारा, अजून आठळी न धरलेला बाळहिरडा. त्याला मोठ्या हिरड्यापेक्षा चांगला भाव मिळतो.

हिरड्याला मी नायक का म्हणते? पुन्हा तेच गणित घालते. समजा एक हिरडा वर्षाला खर्च वजा जाता १,००० रुपये देतो आणि पिढ्यानपिढ्या देत राहील. ४ टक्के दरानं त्या झाडाची आजची किंमत २५,००० रुपये. २४ टक्के दरानं सुमारे ४,१६७. कमी झाली, पण सहापटच. सागाच्या किमतीत याच दोन दरांनी अडतीस हजारपट फरक पडला होता! दरवर्षी फळ देणारं झाड कर्जबाजारी माणसालाही राखावंसं वाटतं. सागासाठी साठ वर्षं थांबावं लागतं, हिरड्यासाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. आज्ञापत्रातला आंबा-फणसाचा नियम आठवला का?

पण हिरडाही अभंग नाही. उद्या लाकूडवाला त्याच झाडाचे १०,००० रुपये रोख देऊ लागला, तर ४ टक्केवाला त्याला हाकलून देईल, आणि शेकडा दोनवाला कुऱ्हाड काढून देईल. झाड तेच, गाव तेच, माणूसही तितकाच शहाणा. फरक फक्त कर्ज कुठून आलं याचा. म्हणून जंगल वाचवायचं असेल तर वनरक्षकाइतकीच गावातली पतपेढी महत्त्वाची आहे, असं मला वाटायला लागलं आहे. ज्याच्या घरी पावसाळ्याच्या तोंडाला धान्य संपतं आणि उसनवारी सुरू होते, तो पुढच्या उन्हाळ्यातला हिरडा आजच पडेल भावानं व्यापाऱ्याच्या नावे करून टाकतो. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे सरकारनं एकाधिकार खरेदी आणली, ती हीच साखळी तोडण्यासाठी. २०१३-१४ मध्ये केंद्रानं गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत देणारी योजना आणली, तिच्या यादीतही हिरडा आहे. खरेदी केंद्र वेळेवर उघडलं तर त्याचा अर्थ आहे, नाहीतर व्यापारी दारात उभाच असतो.

आणि झाडच गेलं तर? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात शेजारच्या जुन्नर-आंबेगाव भागात हिरड्याचं मोठं नुकसान झालं. भाताचं पीक बुडालं तर एका हंगामाचा तोटा. हिरडा उन्मळला तर तो माणसाच्या उरलेल्या सगळ्या हंगामांचा तोटा. भरपाईसाठी तिथल्या आदिवासींना पुढे कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली. अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला 'मालकाला पैसे द्या' हा भाग आपल्याला अजून जड जातो.

असो. आता धरण. भंडारदरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तेच येतं ना? १९०१ ते १९०३ या काळात हिंदुस्थानच्या सिंचन आयोगानं एक महत्त्वाची गोष्ट मांडली. सरकारी धरण-कालव्यांनी व्याजासकट पैसे परत द्यावेत ही अपेक्षा दख्खनमध्ये पुरी होणार नाही. पण दुष्काळात माणसं आणि गुरं वाचतात, मदतकार्यावरचा खर्च वाचतो, हाही फायदाच आहे, तो हिशेबात धरा. अशा कामांना 'संरक्षक' कामं म्हणत. त्या विचाराच्या काळात, १९१० मध्ये, प्रवरेवरचं हे धरण सुरू झालं. चुन्यात दगड बांधत सोळा वर्षं काम चाललं. १० डिसेंबर १९२६ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन डॅम. जलाशयाचं नाव आर्थर लेक. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी.

इथे मला थांबावंसं वाटतं. त्याच सरकारनं धरणासाठी वहीत नवा रकाना उघडला: 'वाचलेला दुष्काळ'. रोख परतावा कमी असला तरी चालेल, असं म्हटलं. जंगलासाठी मात्र असा रकाना उघडला नाही. तिथे दरवर्षी महसूल किती जमला तेच विचारलं जायचं. म्हणजे व्याजदर किंवा फायद्याची व्याख्या ही काही आकाशातून पडत नाही. माणसंच ठरवतात, आणि त्यांना हवं तिथे ती बदलतातही.

पाणी खाली गेलं. हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना १९१९ मध्ये स्थापन झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या हंगामात सुरू झाला. अख्ख्या महाराष्ट्राचं राजकारण आणि अर्थकारण त्या उसानं घडवलं. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची शिक्षणं त्या पाण्यावर झाली आहेत, हे आमच्या नातेवाइकांना वेगळं सांगायला नको :)

पण त्या पाण्याच्या हिशेबात वरच्या डोंगराला काय मिळालं? जंगल पाणी 'तयार' करत नाही, पाऊस सह्याद्रीमुळे पडतो. जंगल माती धरून ठेवतं. उघड्या उतारावरची माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते आणि ओढ्यातून जलाशयात. गाळ साठतो, साठा घटतो, आणि धरण काही पुन्हा त्या किमतीत बांधता येत नाही. न्यूयॉर्क शहरानं हे ओळखलं. १९९७ मध्ये त्यांनी पाणलोटातल्या गावांशी करार केला. गाळणी प्रकल्पाला अब्जावधी डॉलर घालण्यापेक्षा वरच्या डोंगरातली जमीन, जंगल आणि शेतकरी यांच्यावर त्याहून बराच कमी पैसा खर्च करायचा. खालच्यांनी वरच्यांना द्यायचं. आपल्याकडे शेतकरी पाणीपट्टी भरतो, पण त्यातला काही वाटा रतनवाडीच्या, साम्रदच्या, घाटघरच्या ग्रामसभेला उतार राखल्याबद्दल द्यावा, असा रकाना पाणीपट्टीत नाही.

१९८६ मध्ये हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाला, सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. आता लाकडाचा रकाना बंद झाला आणि वन्यजीवांचा उघडला. पण गावकऱ्यांचा? १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशानं सर्वोच्च न्यायालयानं अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडं आणि गवतसुद्धा काढायला मनाई केली. हेतू तस्करी थांबवण्याचा होता. सरपणाची मोळी आणि तस्कराचा ट्रक मात्र एकाच ओळीत आले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला, आणि तो अभयारण्यांतही लागू आहे.

त्याच सुमाराला आपल्या देशात जंगलाची किंमत प्रथमच रुपयांत, कायद्यानं ठरली. वनजमीन दुसऱ्या कामाला घ्यायची असेल तर तिचं 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरा, असं २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. प्रा. कांचन चोप्रा यांच्या समितीनं २००६ मध्ये पद्धत सुचवली आणि २८ मार्च २००८ ला न्यायालयानं दर ठरवले: जंगलाच्या प्रकारानुसार आणि दाटीनुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये. अभयारण्याला पाचपट, राष्ट्रीय उद्यानाला दहापट. म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगडातला एक हेक्टर त्या दरानं किमान २१ लाख ९० हजारांचा. २०२२ मध्ये हे दर आणखी वाढवले गेले.

ही मोठी पायरी होती, तिला कमी लेखू नये. त्याआधी जंगलाची जमीन कागदावर जवळजवळ फुकट होती. आता लाकडाशिवाय पाणी, माती, हवा, औषधी वनस्पती, पर्यटन यांनाही आकडा लागला. पण पैसे जातात कुठे? २०१६ च्या कायद्यानुसार ९० टक्के राज्याच्या आणि १० टक्के केंद्राच्या वनीकरण निधीत. मूल्य काढताना हिरडा, चारा, सरपण मोजायचं, आणि पैसे वाटताना हिरडा वेचणाऱ्या बाईचं नाव नाही. हिशेबात तिचा जंगल धरला, पण तिला धरलं नाही.

शेवटी काजवे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लाखो काजवे चमकतात आणि मुंबई-पुण्या-नाशिकची गर्दी शेंडीपासून रतनवाडीपर्यंत रस्ता अडवते. काही रात्रींत एखाद्या झाडाभोवती जेवढा पैसा फिरतो, तेवढा त्याच्या लाकडाला जन्मात मिळणार नाही. घरगुती जेवण, तंबू, वाटाडे यांतून तो पैसा गावात राहतो. हा पहिलाच रकाना, जो गावाला थेट जमा बाजूला दिसतो. पण इथेही जुनंच दुखणं आहे. गाड्यांचे दिवे, पायाखाली तुडवलं जाणारं गवत यांचा खर्च येणारा पर्यटक देत नाही. काजव्यांच्या कित्येक जातींत अळ्या जमिनीवरच वाढतात आणि माद्या उडतही नाहीत. पाच वर्षांत कमावून मोकळं व्हायचं असेल तर गर्दी वाढू द्या. नातवालाही कमवू द्यायचं असेल तर गर्दीला वेस घाला. पुन्हा व्याजदराचाच प्रश्न, फक्त कपडे बदलून आलेला.

या डोंगरांत एक जुनी संस्था अशी आहे की जिथे हा प्रश्न उठतच नाही. देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्या जगासमोर आणल्या. देवराईतलं झाड देवाचं. देवाला कर्ज नसतं, मुलीचं लग्न नसतं, पावसाळ्याच्या तोंडाला धान्य संपत नाही. त्याचा व्याजदर शून्य. म्हणून तिथलं झाड कधीच तोडायचं नसतं. पण सगळं जंगल देवाचं करता येत नाही, माणसांना जगायचं असतं. माणसांचा व्याजदर शून्य होणार नाही, २४ वरून ४ वर मात्र येऊ शकतो. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी सवलतीनं ते ४ टक्क्यांत पडतंच. पण सातबाऱ्यावर भात दाखवता येतो, राखीव जंगलातला हिरडा कुठे दाखवणार?

म्हणून माझ्यापुरता मी एक नियम करून ठेवला आहे. जंगलाबद्दल कुणी आकडा सांगितला, मग तो लाखांचा असो की कोटींचा, की तीन गोष्टी विचारायच्या. वही कुणाची? व्याज कोणत्या दराचं? आणि जमेची रक्कम कुणाच्या घरी जाते? भंडारदऱ्याच्या बाबतीत गेली पावणेदोनशे वर्षं पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदलत आलं आहे: सावकार, रेल्वे, साखर, वाघरू-शेकरू, आता पर्यटक. तिसऱ्याचं उत्तर फारसं बदललेलं नाही.

तर यंदा काजवे पाहायला जाल तेव्हा गाडीचे दिवे बंद करा, गवतात पाय टाकू नका, आणि येताना एखाद्या घरातून किलोभर बाळहिरडा विकत घ्या. घासाघीस न करता. त्या घरातला हिरडा पुढच्या वर्षी उभा राहावा की नाही, याच्या हिशेबात तुमचेही थोडे पैसे जमा होतील.